थेंबाचे भाऊ, बाटलीचे भाऊ

लाडक्याने तळ्याच्या काठी हाळी दिली की बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला दुकानदार मान वर करत. संस्थान होतं तेव्हा तो दरबारचा दवंडीवाला होता. संस्थान विलीन झालं, दरबारची बरीच माणसं पांगली. लाडक्याला मात्र नगरपालिकेने शिपाई म्हणून ठेवून घेतलं. राज्य कुणाचंही असो, गावाला दवंडी लागतेच. देवीची लस कधी टोचणार, मोकाट गुरं कुठे कोंडली आहेत, एस.टी. घाटात अडकली आहे की सुटली आहे, हे सगळं जव्हारला लाडक्याच्या तोंडून कळे. डफ जुनाच होता, टोपी तेवढी नवी मिळाली होती.

दवंडीचे शब्दही जुनेच राहिले. "ऐका हो ऐका, हुकूम झाला" असं म्हटल्याशिवाय त्याला पुढचं वाक्य सुचतच नसे. त्याची बायको कोंडी त्याला चिडवायची.

"राजा गेला. आता हुकूम कुणाचा रे?"

"सरकारचा."

"मंग घरात भाकरी मागतोस ती तरी हळू माग. शेजाऱ्यांना वाटतंय, भाकरीचाबी हुकूम निघाला."

लाडक्या हसायचा आणि पुन्हा तसंच ओरडायचा.

त्या वर्षी भाद्रपदात, बाजाराच्या दिवशी सकाळीच, जामसरहून एक डोली सरकारी दवाखान्यात आली. दांड्याला बांधलेल्या गोधडीत भागी होती. आदल्या दिवशी घरीच बाळंत झाली होती. मुलगी चांगली होती, पण भागीचा रक्तस्राव थांबता थांबला नव्हता. डॉक्टर मुंबईहून नुकतेच बदलून आलेले, तरुण होते. त्यांनी रक्तस्राव थांबवला, पण भागी कागदासारखी पांढरी पडली होती. तिला रक्त द्यायला हवं होतं. जव्हारला रक्त साठवायची सोय नव्हती. कुणाच्या तरी अंगातून काढायचं आणि लगेच तिच्या अंगात घालायचं, एवढाच मार्ग होता.

डॉक्टरांनी नगरपालिकेत निरोप धाडला. लाडक्या धावत आला.

"लाडक्या, माणसं हवीत," डॉक्टर म्हणाले. "धडधाकट, रक्त द्यायला तयार असलेली. जितकी येतील तितकी बरी. सगळ्यांचं जुळत नाही. दुपार टळायच्या आत रक्त मिळालं नाही, तर ही बाई वाचायची नाही."

लाडक्याने डफ उचलला. बाजार ऐन भरात होता. खोडाळ्याची, जामसरची, खालच्या खोऱ्यातली माणसं मीठमिरची, सुकट, कापड घेत हिंडत होती. लाडक्याने डफावर थाप मारली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडात आलं ते ओरडला.

"ऐका हो ऐका! हुकूम झाला! घरटी एक माणूस, दवाखान्यात हजर! रगत द्यायचं हाये हो!"

घरटी एक माणूस! हे शब्द त्या बाजारातल्या प्रत्येक प्रौढ माणसाने पूर्वी ऐकले होते. रस्ता बांधायचा असला, शिकारीला हाकारे हवे असले, साहेबाचं सामान वाहायचं असलं की हेच शब्द यायचे. त्याचं नाव वेठ. वेठीला गेलेला माणूस कधी परतेल याचा भरवसा नसायचा. आणि आता तर घाम नव्हे, रक्त मागत होते! त्यातच मोखाड्याच्या वाटेवर पुलाचं काम निघणार, अशी आवई उठली होती. पुलाच्या पायात माणसाचं रक्त घालतात, हे तर सगळ्यांनाच 'माहीत' होतं.

बघता बघता बाजार रिकामा झाला. टोपल्या उचलल्या, पोरं काखोटीला मारली आणि माणसं उताराच्या पायवाटांनी कारवीच्या झुडपांत दिसेनाशी झाली. उरली एकटी सुकट विकणारी हौशी. ती काही धीट म्हणून थांबली नव्हती. तिची पाटी जड होती आणि डोक्यावर उचलून द्यायला कुणी उरलं नव्हतं.

"आरं लाडक्या," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रगत मागतोस का गवऱ्या? घरटी एक! माझं गिऱ्हाईक पळवलंस. आता ही सुकट काय तुझ्या पुलाला घालू?"

"पूल नाय ग बाई! एक बाळंतीण मरतेय!"

"मंग तसं सांगायचं ना मेल्या!"

लाडक्या मान खाली घालून दवाखान्यात आला आणि जे झालं ते त्याने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "तुझं बोट दे." त्यांनी त्याच्या बोटाला सुई टोचली, काचेच्या पट्टीवर थेंब घेतला, भागीच्या रक्ताशी पडताळून पाहिला. नासलेल्या दुधात दिसतात तसे कण झाले. लाडक्याचं रक्त जुळत नव्हतं.

भागीचा नवरा रघु भिंतीला टेकून उभा होता. त्याचा थेंब घेतला. तो स्वच्छ राहिला, एक कणही धरला नाही.

"जुळलं!" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "चल, आडवा हो."

तोच रघुची आई धोंडीबाई नातीला छातीशी धरून मध्ये आली.

"नाय, नाय. नवऱ्याचं रगत बायकोच्या अंगात नाय घालायचं."

"अहो आजी, का नाही?"

"भावाबहिणीचं रगत एक असतं. नवराबायकोचं येगळं, म्हणून तर लगीन लागतं. याचं रगत तिच्या अंगात गेलं, की ती याची बहीण झाली. मंग घरात कशी राहंल? जात काय म्हणंल? या पोरीनं बापाला बाप म्हणायचं का मामा?"

 डॉक्टरांच्या पुस्तकांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"आये," रघु म्हणाला, "ती गेली तर बायकोबी नाय आणि बहीणबी नाय."

इतका वेळ डोळे मिटून पडलेली भागी हलली. ओठ सुकले होते, तरी शब्द स्पष्ट आले. "तुझं नको. मला तुझी बहीण नाय व्हायचं. भाऊ आण."

भागीला सख्खा भाऊ नव्हता, चुलतही नव्हता. रघु तोंड फिरवून उभा राहिला. मग डॉक्टरांजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "थोडा येळ बघा. नाय आला कोण, तर माझंच घ्या. ती जगू दे. पुढचं पुढं."

लाडक्याने ते ऐकलं. भाऊ! तो शब्द त्याने उचलला आणि तडक बाहेर पडला. डफ हौशीच्या पाटीवर ठेवला. "हा सांभाळ. याचा आवाज ऐकला की पळतात."

तो उताराच्या वाटेने खाली गेला. झुडपांमागे माणसं होती हे त्याला ठाऊक होतं. नवीन मातीच्या मडक्यांचा, सुकटीचा वास येत होता. हुकूम शब्द ओठांवर आला, तो त्याने गिळला.

"जामसरची भागी हाये! ओली बाळंतीण! तिला भाऊ नाय! कोण भाऊ होतो का?"

 झुडपांतून एक डोकं वर आलं. खोडाळ्याचा बुधा, कोयता कमरेला, अंगाने चांगला दणकट.

"हुकूम हाये का?"

"नाय."

"घरटी एक?"

"नाय बाबा. ज्याला बहीण पायजे, त्यानं यावं."

"किती रगत घेतील?"

"बाटलीभर. भात खाल्लास की पुन्हा भरतं, असं डॉक्टर म्हणतात."

बुधाने कमरेचा कोयता मागे सरकवला. "आणि दिवाळीला लुगडं द्यावं लागंल?"

"भाऊ झालास तर द्यावंच लागंल."

"मंग आधी तसं सांगायचं! मला बहीण नाय. मी येतो."

त्याच्यामागून आणखी एक डोकं वर आलं, मग आणखी एक. चढण चढताना त्यांची थट्टामस्करी सुरू झाली होती. कुणाची बहीण होणार, कुणाचं लुगडं भारी, यावर पैजा लागल्या. दवाखान्याच्या ओट्यावर रांग बसली. बोटं टोचली गेली. रांगेतल्या तुकाचं जुळलं नाही, तर तो चिडलाच. "पुन्हा बघा हो डॉक्टर, माझं रगत काय वाईट हाये?" शेवटी बुधाचं जुळलं आणि त्याच्या शेजारच्या तरण्या उत्तमचं जुळलं. बुधा बाटलीकडे न बघता छताकडे बघत पडला आणि सुई टोचली तेव्हा "बहिणी, लई महाग पडलीस!" असं इतक्या मोठ्याने ओरडला की भागीच्या ओठांवर हसू आलं. संध्याकाळपर्यंत तिच्या गालांवर रंग दिसू लागला. धोंडीबाई सुनेच्या पायाशी बसून सगळ्यांना शिव्या देत रडत होती. तिचा आनंद तसाच बाहेर पडायचा.

भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून झालं. ज्यांचं जुळलं नव्हतं, ते जायला तयार होईनात. "थेंब तर आमीबी दिला ना? मंग आमीबी भाऊ." ओट्यावरच पंचायत बसली आणि निवाडा झाला, की बुधा आणि उत्तम बाटलीचे भाऊ, बाकीचे थेंबाचे भाऊ. लुगडं बाटलीवाल्यांनी द्यायचं, चोळी थेंबवाल्यांनी.

तेव्हापासून लाडक्या रक्तासाठी दवंडी पिटताना डफ वाजवीत नसे. दिवाळीच्या आधीच लाकडं वाहणाऱ्या ट्रकखाली सापडलेला एक ड्रायव्हर दवाखान्यात आला. बाईचं रक्त पुरुषाला चालतं का, असा प्रश्न निघाला. डॉक्टर चालतं म्हणाले. लाडक्याने बाजारात उभं राहून साद घातली, "बहीण पायजे हो!" सगळ्यांआधी हौशी उठली. "माझी पाटी बघ रे," ती म्हणाली, "आणि त्या ड्रायव्हरला सांग, सुकटीचं रगत हाये, खारट लागंल." पुढे कितीतरी वर्षं जव्हारच्या दवाखान्यात कुणाला रक्त लागलं, की आजूबाजूच्या पाड्यांतून माणसं आपण होऊन विचारायची, "भाऊ पायजे का बहीण?"

त्याच वर्षी भाऊबीजेला भागीने लाडक्याला आणि कोंडीला जामसरला बोलावलं. अंगण सारवलं होतं. भाऊ ओळीने बसले होते; बाटलीवाले पुढे, थेंबवाले मागे. भागी ओवाळत होती आणि रघु कुडाला टेकून कण्हत होता. "बायको करून आणली तवा एक मेव्हणा नव्हता. आता बघा! जरा आवाज चढवला तर सगळी फौज दारात."

ओवाळून झालं. लाडक्या थेंबवाल्यांच्या ओळीत, अगदी कडेला बसला होता. धोंडीबाई पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर आली.

"तुमी हितं नाय बसायचं," ती म्हणाली. "एवढे भाऊ आणलेत, म्हंजे पोरीचे बाप झालात. उठा व्याही, पुढच्या पाटावर बसा."

लाडक्या उठला, पाटावर बसला, हात धुतले आणि गंभीरपणे म्हणाला, "व्याही म्हणता, तर मंग देज कुठंय?"

लग्नात नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या बापाला देज देण्याची त्या लोकांत रीतच होती. अंगण हसून लोळायला लागलं. धोंडीबाई मात्र हसली नाही. ती खुराड्याकडे गेली, सगळ्यात तगडी कोंबडी पकडली आणि तिचे पाय बांधून लाडक्याच्या मांडीवर ठेवली.

"घ्या. आता लगीन पक्कं झालं. भागी कुणाची बायको, यावर कोण बोलणार नाय."

जव्हारच्या वाटेवर कोंबडी ओरडत होती आणि कोंडी हसत होती. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला लाडक्या थांबवून, कुणी विचारलं नसतानाही, मोठ्याने सांगत होता, "लेकीची देज हाये हो, लेकीची!"