बोडकी अक्षरं

बी. ए. होऊन मी धारवाडात बसलो होतो. सकाळी कट्ट्यावर, दुपारी वाचनालयात, संध्याकाळी पुन्हा कट्ट्यावर. जपानचं चीनशी युद्ध सुरू झालं होतं आणि गावातल्या वकील मंडळींना चीनबद्दल एकाएकी प्रेम वाटू लागलं होतं. त्यांनी एक मैत्री मंडळ काढलं. त्याला अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि चिटणीस होते. सभासद तेवढे नव्हते.

कलकत्त्याकडं चिनी शिकवणारे एक चिनी प्रोफेसर दौऱ्यावर येणार होते. त्यांनी शिफारस केली की तिथली शिष्यवृत्ती मिळते, असं अध्यक्षांनी मला सांगितलं. "स्वागताचा फलक तू चिनीत लिही. पुढचं माझ्याकडं लागलं." मला गावाबाहेर पडायचं होतं. शिष्यवृत्ती अबिसीनियाची असती, तर मी ती लिपी गिरवली असती.

हुबळीला स्टेशनाजवळ एक चिनी दंतवैद्य होता. तो बाजारी कानडी बोलायचा. गिऱ्हाईक नसलं की तो मला शिकवी, आणि गिऱ्हाईक क्वचितच असे, कारण हुबळीकर दात आपणहून पडायची वाट पाहत. पाटीवर पाण्यात बुडवलेल्या कुंचल्यानं लिहायचं. वरून खाली, डावीकडून उजवीकडं. चौकोन असला तर आत रेघांची माणसं बसवायची आणि मगच खालच्या रेघेनं दार लावायचं. क्रम चुकला की तो ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकी.

"दिसायला तसंच आहे की हो," मी एकदा म्हणालो.

"दात उलटा बसवला तरी दातच दिसतो. जेवून बघा."

कुंचल्याची रेघ कुठं टेकली आणि कुठून उचलली हे जाणत्याला दिसतं, असं तो म्हणे. प्रोफेसर तेवढंच बघतील, बाकी बघण्यासारखं तुमच्यात काही नाही.

अप्पा कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. पाटी घेऊन मी घरी गिरवत बसलो की ते आईला म्हणत, "हात चिनी झाला तुझ्या लेकाचा. पोट अजून इथलंच आहे."

तीन महिन्यांत स्वागताची दोन अक्षरं हातात बसली. मांजरपाटावर काळ्या रंगात लिहून मी फलक आदल्या दिवशी अध्यक्षांकडं पोचवला. दंतवैद्यानं तो आधी पाहिला होता. "पुसावंसं वाटत नाही," एवढंच तो बोलला. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नसेल.

सकाळी सभागृहात गेलो तर दोन्ही अक्षरांच्या डोक्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर जाड तांबडी रेघ ओढलेली.

"बोडकी दिसत होती रे," अध्यक्ष म्हणाले. "मंगल कार्याला बरं नव्हे. कमरीपेठेतल्या पेंटरकडून रेघ घालून घेतली."

"चिनीत वर रेघ नसते, रावसाहेब."

"नसेना का. फलक धारवाडात लागतोय की."

तेवढ्यात दाराशी मोटार आली. दुसरं कापड नव्हतं आणि वेळही नव्हता. हार झाले, दोन प्राचीन संस्कृतींवर तीन भाषणं झाली. तोवर प्रोफेसर फलकाकडं पाहत होते. शेवटी त्यांनी इंग्रजीत विचारलं, "ही तुमची लिपी का?"

"छे, छे, तुमची!" अध्यक्ष आनंदानं म्हणाले आणि त्यांनी मला पुढं ढकललं.

प्रोफेसर उठून फलकाजवळ गेले. एकेका फटकाऱ्यावरून त्यांचं बोट हवेत फिरलं, अगदी मी लिहिलं होतं त्याच क्रमानं. "हे नीट शिकवलेलं आहे," ते म्हणाले. मग बोट तांबड्या रेघेवर थांबलं. "ही कुणाची?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझं श्रेय कुठं कमी पडू नये एवढीच त्या भल्या माणसाची इच्छा होती. "तीही यानंच काढली. यानं एकट्यानं केलंय सगळं."

त्यांना चारचौघांत खोटं पाडावं, तर शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांच्याच सहीनं जायचा होता. मी नमस्कार केला. प्रोफेसरांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, मान हलवली आणि "पाहू," म्हणाले.

दोन दिवसांनी हुबळीला गेलो. दंतवैद्य एका म्हातारीची दाढ उपटत होता. ती गेल्यावर त्यानं हात धुतले आणि काय झालं ते विचारलं.

"पाहू म्हणाले."

त्यानं ओलं फडकं खिळ्याला अडकवलं. "आमच्याकडं मोठी माणसं नाही म्हणत नाहीत," तो म्हणाला. "ती पाहू म्हणतात."

"आमच्याकडंही," मी म्हणालो.