‘उद्या या’ म्हणणारा मेल

पोलिसांतल्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. तरी कोणी एखादी हकिकत सांगा म्हटलं, की मला सगळ्यात आधी आठवते ती मेलची तक्रार. आठवली की अजून हसू येतं. थोडी धास्तीही वाटते, कारण मी घाई केली असती तर एका मुलीची आयुष्यभराची वाट माझ्या एका सहीनं बंद झाली असती. नावं कोणाचीच लिहीत नाही. सगळे हयात आहेत आणि आपापल्या जागी सुखात आहेत.

ते दिवस बीटी कापसाचे. पेरणीच्या तोंडावर एखाद्याच वाणाची हवा व्हायची आणि सगळा तालुका त्याच वाणासाठी रांगेत उभा राहायचा. मागच्या वर्षी कपाशीनं दगा दिलेला असायचा, म्हणून यंदा तरी हेच बियाणं पाहिजे असा प्रत्येकाचा हट्ट. मी तेव्हा लोणार तालुक्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी झाली की निम्मे शिपाई बियाण्याच्या दुकानांवर बंदोबस्ताला जायचे. मी मूळचा पिंपळगाव राजाकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, घरात पदवी घेणारा पहिला. रांगेतल्या प्रत्येक टोपीखाली मला माझे काका दिसायचे. त्यामुळे लाठी हातात असली तरी उचलवत नसे.

एका सकाळी चौकातून फोन आला, “साहेब, शेठच्या दुकानापुढं जत्रा भरली. लवकर या.”

हे शेठ म्हणजे बियाण्याचे मोठे विक्रेते. बीबी गावापासून पुढच्या गावांपर्यंत त्यांचे छोटे विक्रेते होते. त्या वर्षी शेठनं दुकानात कॉम्प्युटर आणला आणि एक प्रोग्राम लिहून घेतला होता. रोज संध्याकाळी बटण दाबलं की गावोगावच्या विक्रेत्यांना मेल जायचा, कोणतं बियाणं आलं, कोणतं संपलं. विक्रेते तो गावातल्या संगणक केंद्रावर वाचायचे आणि शेतकऱ्यांना सांगायचे.

आदल्या संध्याकाळी शेठच्या पत्त्यावरून मेल गेला होता: ‘उद्या या. सगळ्यांना बियाणं मिळेल.’ शेठनं तो पाठवलाच नव्हता, आणि गोदामात त्या वाणाची एक पिशवी नव्हती.

मी पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि शेठ आतून ओरडत होते, “म्या नाई पाठवला बाप्पा! कसम घ्या!”

“मंग काय तुमच्या कॉम्प्युटरनं आपल्या मनानं पाठवला?” बाहेरून कोणीतरी म्हणालं, आणि गर्दी हसली. हसणारी गर्दी अजून हातात असते, एवढं मला कळत होतं. मी कृषी अधिकाऱ्यांना बोलावलं, गर्दीतल्याच दोन वडीलधाऱ्यांना आत नेलं आणि गोदाम उघडून दाखवलं. माल आला की टोकन देऊन वाटप होईल, असं अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. लोक शिव्या देत का होईना, परतले. एका आजोबांचा चष्मा मोडला आणि शटर वाकलं, एवढ्यावर निभावलं.

दुपारी शेठ ठाण्यात तक्रार अर्ज घेऊन आले. संशयिताचं नाव त्यांनी स्वतःच घातलं होतं. प्रोग्राम लिहिणारी मुलगी.

“पासवर्ड माह्याशिवाय फक्त तिले मालूम होता साहेब. अन् ती माही नोकरी सोडून चालली. त्याच्यावरून आमची बोलाचाली बी झाली. आता तुमीच पाहा, दुसरं कोन असन?”

बिनतोड वाटत होतं. अर्ज आवक नोंदवहीत घेतला, डायरीत नोंद घेतली, जिल्ह्याच्या सायबर शाखेला पत्र धाडलं. मग टेबलावरच्या फायली चाळताना त्याच मुलीचं नाव पुन्हा दिसलं. ती एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवायला निवडली गेली होती, आणि रुजू होण्यासाठी लागणारी चारित्र्य पडताळणी माझ्याच ठाण्यात आली होती. वडील शिलाईकाम करणारे. घरात एवढं शिकलेली तीच पहिली. तिच्यावर गुन्हा दाखल झाला असता तर त्या कागदावर मला तसं लिहावं लागलं असतं, आणि ती नोकरी गेली असती. शेठ रोज फोन करत होते, “साहेब, अटक कवा करता?”

चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. मी महिला शिपायाला साध्या कपड्यांत सोबत घेतलं आणि मोहल्ल्यात बोभाटा नको म्हणून जीप मशिदीच्या अलीकडेच सोडली. खोलीत शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे होते. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. रडून झालेलं होतं. वडिलांनी स्टूल पुसून पुढं केलं.

“पासवर्ड तुलाच माहीत होता ना?” मी विचारलं.

“हो सर. पण मेल मी नाही पाठवला.”

“प्रोग्राम मेल पाठवतो कसा, मला समजेल असं सांग. मी सरकारी नोकरांसाठीचा संगणकाचा सक्तीचा कोर्स तेवढा केलाय.”

पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. “सर, आपण मेल उघडताना पासवर्ड टाकतो तसा प्रोग्रामलाही लागतो. मेल जाताना वाटेत कोणी वाचू नये, याची सोय मी केली होती. ते सगळं बंदिस्त जायचं. पासवर्डही मी प्रोग्रामच्या बाहेर ठेवला होता. रोज सकाळी एकदा हातानं टाकायचा, बस.”

“मग?”

“शेठ म्हणाले, पोरी, मशीन म्या घेतली अन् कामाले मलेच लावतं का? बटन दाबलं का मेल गेला पायजे. मग मी तो प्रोग्राममध्येच लिहून टाकला. उघडा. तसं करायचं नसतं, कॉलेजात शिकवलं होतं. पण दुकानाबाहेर कोण पाहणार, असं वाटलं.”

“काय होता पासवर्ड?”

ती घुटमळली. “शेठनंच सांगितला होता, ध्यानात राहील असा. त्यांच्या म्हशीचं नाव. इंग्रजी अक्षरांत ‘पारूम्हैस’.”

माझी महिला शिपाई एकदम तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मी डोळे वटारले तरी थांबेना.

“सर, माफ करा. पन हे तर चौकात लिवलेलं हाये!”

“कुठं?”

“शेठच्या फ्लेक्सवर. अक्षय तृतीयेपासून लागलेला हाये. मी रोज त्याच्याखाली ट्रॅफिकले उभी राह्यते. मले वाटे, शेठनं म्हशीकडून बी शुभेच्छा देल्ल्या!”

मुलीला घेऊन आम्ही तसेच चौकात गेलो. आमच्याकडे ट्रॅक्टर येवो, मोटारपंप येवो, त्याला कुंकू लागतं, नारळ फुटतो आणि आता फ्लेक्सही लागतो. शेठनं अक्षय तृतीयेला कॉम्प्युटरची पूजा केली होती. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, मागं काहीतरी कॉम्प्युटरसारखं टाकू का? शेठ म्हणाले, टाक. त्यानं पडद्यावर उघडा असलेला प्रोग्रामच उचलून मागं पसरवला होता. पुढं हात जोडून हसणारे शेठ, कोपऱ्यात गणपती, आणि शेठच्या उजव्या कानाजवळ ठळक अक्षरांत मेलचा पत्ता. त्याच्याखाली पासवर्ड.

मुलीनं वर पाहिलं आणि तिथंच चहाच्या टपरीच्या बाकावर बसली. “या अल्ला,” एवढंच म्हणाली. मग तीही हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

शेठना बोलावून घेतलं. ते बराच वेळ मान वर करून पाहत राहिले.

“मले वाटलं, थे डिझाइन हाये.”

“तुमची म्हैस आहे शेठ.”

चहावाला आणि पानवाला पंच म्हणून घेतले आणि फ्लेक्सचा पंचनामा केला. तो जीपमध्ये मावेना, म्हणून घडी करून टपावर बांधला. शेठचा चेहरा नेमका वर राहिला. आख्ख्या बाजारातून ते हात जोडत ठाण्यापर्यंत आले.

आता पासवर्ड माहीत असणारी एक मुलगी नव्हती, चौकातून जाणारा प्रत्येक माणूस होता. सायबर शाखेचं उत्तर आलं: तो मेल बसस्टँडजवळच्या नेट कॅफेतून गेला होता. कॅफेवाल्याला माणूस चांगला आठवत होता.

“बीबीच्या गाडीची वाट पाहत बसते थो नेहमी. त्या दिवशी मराठीत टाइप कसं करा लागते, मलेच इचारलं.”

तो निघाला पंचविशीतला शेतकरी. बीएस्सी झालेला, कॉम्प्युटरही थोडाफार शिकलेला. वडिलांच्या जागी आता तोच शेत पाहत होता. फ्लेक्सवरचा पासवर्ड वाचून मेल आपणच पाठवला, हे त्यानं एका दमात कबूल केलं.

“काऊन केलं बे असं?” आमच्या हवालदारानं दरडावलं.

“साहेब, रोज बसनं येतो. शेठ रोज म्हणते, उद्या ये, बियानं भेटन. उद्या आलो का पुन्हा उद्या. मी खोटं काय लिवलं सांगा? शेठ एकेकाले सांगून राह्यले होते, म्या थेच सगळ्यायले एकदम सांगतलं.”

शेठ समोरच बसले होते. हवालदार खिडकीकडे तोंड करून खोकू लागला.

मला त्याचा राग आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मी त्याला समजावलं, की दुसऱ्याची किल्ली रस्त्यात दिसली म्हणून घर आपलं होत नाही. हा गुन्हा आहे, तुरुंग आहे. आणि त्या सकाळी गर्दी हसण्याऐवजी धावली असती तर शटरखाली एखाद्या म्हाताऱ्याचा जीव गेला असता. तेव्हा मात्र त्याची मान खाली गेली. शेठनं तक्रार पुढं चालवायची नाही असं लिहून दिलं. तरुणाकडून माफीनामा आणि चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतलं. आजोबांना नवा चष्मा त्यानं स्वतः नेऊन दिला.

नोकरी सोडण्याआधी मुलीनं पासवर्ड बदलला आणि प्रोग्रामबाहेर काढला. शेठ रोज सकाळी तो हातानं टाकू लागले. नवा पासवर्ड काय, ते त्यांनी मलाही सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

तपासात आम्ही पहिला प्रश्न विचारतो, हे कोणाला माहीत होतं? त्या दिवसापासून मी आधी दुसरा विचारू लागलो, हे कोणाला माहीत नव्हतं? पुढं कितीतरी प्रकरणांत तो कामाला आला, आणि संशयिताचं नाव तयार घेऊन येणाऱ्या फिर्यादीला मी आधी चहा पाजू लागलो.

पडताळणीचा कागद न्यायला मुलगी वडिलांसोबत आली. वडिलांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

“साहेब, काय लिवलं याच्यात? जरा पढून दाखवा.”

मी वाचलं. सदर व्यक्तीविरुद्ध या ठाण्याच्या अभिलेखावर कोणतीही प्रतिकूल नोंद आढळून येत नाही.

“म्हंजे?”

“म्हणजे तिनं काही वाईट केलेलं नाही.”

त्यांनी कागद उलटून मागं पाहिला. मागं कोरा होता. “बस? एवढंच? माही पोरगी चांगली हाये, असं नाई लिवलं कुठं?”

मुलगी लाजून म्हणाली, “अब्बा, चला ना.”

मी त्यांना सांगितलं की सरकारी नमुन्यात त्यासाठी जागा नसते. ते मान हलवून गेले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, आणि खरं तर माझंही नाही. आता कागद माझा आहे, नमुना कोणाचा नाही. म्हणून लिहितो. त्या ठाण्याचा तत्कालीन प्रभारी अधिकारी या नात्यानं मी प्रमाणित करतो की, ती मुलगी चांगली होती.