कालगुर्लीतलं दोन लिटरचं पिंप

सिडनीहून सकाळी निघालो, पर्थला विमान बदललं. कालगुर्ली जवळ आलं तेव्हा खाली नुसती तांबडी माती आणि मधोमध सोन्याच्या खाणीचा खड्डा. माझा मित्र विल्फ्रेड, मूळचा वसईचा, त्या खाणीत इंजिनीअर आहे. विमानतळावर त्याने मिठी मारली नाही.

"आज आर्व्होला (दुपारी) मोरीसान जेवायला येतायत," तो म्हणाला. "तुझं पिंप अजून उघडलं नाहीये."

'तुझं' बरोबरच होतं. मोरीसान हे विल्फ्रेडचे इथले पहिले साहेब. त्यांनी दिलेल्या जपानी सिंगल माल्टच्या दोन बाटल्या त्याने न फोडता जपल्या होत्या. गेल्या वर्षी त्या बघून माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. व्हिस्कीला रंग आणि निम्मी चव पिंपाच्या लाकडातून येते, जपानी ओकमध्ये वर्षानुवर्षं मुरली की तिला चंदनाचा वास येतो, पिंप लहान तर मुरणं लवकर. हे सगळं ज्ञान मी एका रविवारी व्हिडिओ बघून मिळवलं होतं. विल्फ्रेडने विश्वास ठेवला. दोन लिटरचं ओकचं पिंप मागवून दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या. मोरीसान कायमचे जपानला निघाले की त्यांच्यासमोर तोटी उघडायची असं ठरलं. तो दिवस आज आला होता.

पिंप ठेवलं गॅरेजमध्ये. कालगुर्लीतलं गॅरेज म्हणजे भट्टी, हे व्हिडिओत नव्हतं.

घरी पोचताच आम्ही गुपचूप तोटी फिरवली. काढ्यासारखं काहीतरी आलं. पिंप हलवलं तर निम्मं रिकामं.

"बाकीची कुठे गेली?"

"उडते थोडी. देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला."

"आमच्या देवदूतांवर ढकलू नकोस हं!" स्वयंपाकघरातून त्याची बायको लोर्ना ओरडली.

मी घोट घेतला. नवं कपाट चाटल्यासारखं वाटलं.

"कशी आहे?"

"जरा वुडी."

विल्फ्रेडने चाखली. "वुडी? मेल्या, हे टेबल आहे टेबल!"

मी तोडगा काढला: दुकानातून दुसरी जपानी बाटली आणून गुपचूप ओतू, कोणाला कळतंय?

"त्यांच्याशी खोटं बोलू? मला इथे उभं त्यांनी केलंय."

तेवढ्यात बेल वाजली. विल्फ्रेडने दारातच सगळं सांगून टाकलं, माझ्या नावासकट. मोरीसानांनी ग्लास मागितला आणि घोट घेतला.

"झाड फार जोरात आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

विल्फ्रेड खाली बघायला लागला. लोर्ना हात पुसत बाहेर आली. "बाटली मसाला कोणी वाटीने खातं का?" (बाटली मसाला म्हणजे वसईकडे वर्षभरासाठी कुटून बाटल्यांत दाबून ठेवतात तो; कालवणात चमचाभरच पडतो.) तिने कपाटातली साधी व्हिस्की ग्लासात ओतली, वर पिंपातलं चमचाभर घातलं.

मोरीसानांनी चाखली. भुवया वर गेल्या. "आमच्याकडेही असंच करतात. फार मुरलेलं पिंप एकटं पीत नाहीत, दुसऱ्यात थोडं घालतात." मग अजून अर्धा चमचा मागितला.

जेवण झाल्यावर पिंपातलं उरलेलं न्यायला त्यांनी बरणी मागितली. लोर्नाने जॅमची धुऊन दिली. दोन्ही हातांत धरून ते गाडीपर्यंत गेले, विल्फ्रेड मागून डोळे पुसत.

सिडनीला परतताना मला एवढंच वाटलं: माझी दुकानातली बाटली ओतली असती, तर मोरीसान 'छान आहे' म्हणाले असते. बरणी मागितली नसती.