लाभ, दोन, तीन

दोन हजार तेवीस साल, आणि माझं वय शहात्तर. टाळूवर ठिपक्याठिपक्यानं उतरणारा तो गारवा अजून आठवतो. माझी नात सुजाता माझ्या पांढऱ्या केसांतून बोट फिरवत जागोजागी थंड, चिकट मलम भरत होती, आणि खिडकीतून फाल्गुनाचं कोवळं ऊन त्या अनोळखी खोलीत असं पसरलं होतं, की क्षणभर मला बिदरजवळच्या आमच्या गावी, कमठाण्याच्या खळ्यावर, नुकत्या मळलेल्या ज्वारीच्या उबदार वासात बसल्याचा भास झाला.

सुजाता हैदराबादेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात मेंदूचं शास्त्र शिकते. बोलताना, मोजताना म्हाताऱ्यांच्या डोक्यात कसल्या सूक्ष्म लहरी उठतात हा तिचा अभ्यास, आणि त्यासाठी तिला मराठी, कानडी, दखनी अशा तीन भाषांत मुरलेलं डोकं हवं होतं. तुझ्यासाठी येतो, असं मी ऐटीत म्हणालो. पण ते अर्धंच खरं. माझा थोरला भाऊ, अण्णा, शेवटी पोटच्या लेकरांची नावंसुद्धा हरवून बसला; माळावरून उजेड सरकावा तशी एकेक ओळख त्याच्या डोळ्यांतून सरकत गेली. तेच माझ्यातही सुरू झालंय का, एवढं मला जाणून घ्यायचं होतं, तेही कुणाला न विचारता. चार बुकं शिकलेल्या माणसाची मान विचारायला लवकर वाकत नाही.

डोक्यावर तारांची टोपी चढली. सुजाताचा वर्गमित्र पडद्यापुढे बसला होता. तो म्हणाला, "दादाजी, अपनी मराठी में एक से बीस तक गिनिए."

"लाभ, दोन, तीन..."

त्यानं हात वर केला. "एक से, दादाजी."

"एकीच बोलरा मैं," मी दखनीत म्हणालो, आणि पुन्हा सुरू केलं, "लाभ..."

तिसऱ्यांदाही जिभेवर तेच आलं. त्यानं सुजाताकडे पाहिलं. ती नजर मला ठाऊक होती. आम्ही सगळे अण्णाकडे तसंच बघायचो.

जन्म सगळा बिदरच्या अडतीत धान्य मापण्यात गेला. राशीतलं पहिलं माप आमच्यात कुणी एक म्हणून टाकत नाही. त्याला लाभ म्हणायचं, म्हणजे रास वाढती राहते, आणि मग पुढं दोन, तीन. बिदर शहरातल्या नौबादेत, वजनकाट्यावरचे आकडे बघत वाढलेल्या सुजाताला हे कुठून ठाऊक असणार? मी सांगितलं तसा तिचा चेहरा उजळला.

"कामून हसायलीस?"

"हसत न्हाई, आबा. लाभ म्हणता तवा मनात काय येतं? आकडा, का धान्य?"

मी आत डोकावलो. इतकी वर्षं जो शब्द मापासोबत हातातून वाहत आला, त्याच्या मुळाशी काय आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

"न्हाई सांगता येत. तूच सांग, शिकलेली हायस."

"मलाबी न्हाई ठाऊक. म्हणून तर शिकायलेय."

तिच्या त्या सरळ उत्तरानंच माझा ताठा सैल झाला असावा. मलम पुसता पुसता मी विचारून टाकलं, "अण्णासारखं माझंबी व्हायलंय का गं?"

ती समोर येऊन बसली. "ह्या टोपीतून ते कळत न्हाई, आबा. लाभ म्हणलात म्हणून तर मुळीच न्हाई."

परतीच्या बसमध्ये, तुरीची उघडी रानं मागं पडत असताना, अण्णाचा शेवटचा उन्हाळा आठवला. मला तो ओळखत नव्हता, पण ज्वारीच्या ढिगाजवळ बसवून हातात माप दिलं तेव्हा ते काठोकाठ भरून, स्वच्छ आवाजात म्हणाला होता, "लाभ." म्हणजे हा शब्द माझ्या शाबूतपणाची साक्षही नव्हता. सगळी नावं निघून गेलेल्या त्याच्या मनाच्या घरात हा शब्द एकटाच कुठल्या कोनाड्यात तेवत राहिला असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी दळणासाठी माळ्यावरचं जुनं माप काढलं, पुसलं. ज्वारीत खुपसून भरलं, ओठांशी आलेला शब्द तसाच धरून ठेवला, आणि तो कुठून येतो ते बघत, डोळे मिटून, बराच वेळ बसून राहिलो.