फोकस शेजारच्या कणावर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी विजेच्या मीटरचं रीडिंगसुद्धा सांगतो.

घर आदिलाबादला, नोकरी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर फोटो काढायचे, हे माझं काम. त्यात एक शिस्त असते: फोकस शेजारच्या कणावर लावायचा, मग इलेक्ट्रॉनांचा झोत हव्या त्या कणावर नेऊन लगेच फोटो घ्यायचा. कारण झोत दोन लाख व्होल्टचा. तो पाहता पाहताच वस्तू बिघडवतो — ऑक्सिजन उडवतो, अणूंच्या सरळ रांगा मोडतो. ही शिस्त नव्यांना कोण शिकवायचं? मीच.

आमच्याच प्रयोगशाळेतली संशोधक वर्षा नेरडीगोंड्याची, एकाच जिल्ह्याचे म्हणून मला दादा म्हणायची. लिथियम बॅटरीच्या कॅथोडसाठी तिनं नवी पूड केली होती. बॅटरी कितीही वापरा, कणाची कड शाबूत राहते, असा तिचा दावा. वापरून झिजवलेल्या बॅटरीतल्या कणाचा पहिला फोटो पुसट आला — रांगा कडेपर्यंत सरळ. मला पुसट फोटो खपत नाही. मी त्याच कणावर फोकस लावत बसलो.

"दादा, काऊन तिथंच पाहून राह्यले? जळून जाईन ना ते!"

"फोटो मी काढून राह्यलो का तू?"

दुसरा फोटो लख्ख आला. कड ढासळलेली. बैठकीत माझ्या फोटोची तारीफ झाली आणि तिची पूड बाद. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. पहिला फोटो मी बैठकीआधीच पुसून टाकला होता.

ती आदिलाबादला परतली, कॉलेजात शिकवू लागली. बसस्टँडवर भेटली की हसून विचारायची, "दादा, मशीन बरी हाये ना?" मी म्हणायचो, बरी आहे.

या उन्हाळ्यात मी तिच्याच कृतीनं पूड केली, बॅटरीत घालून झिजवली. झोत मंद. फोकस शेजारी. फोटो एकच — पुसट, पण काय सांगू! रांगा अगदी कडेपर्यंत, पेरलेल्या ज्वारीच्या तासांसारख्या सरळ! बंद खोलीत मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. जिंकली पोरगी! तेव्हाही जिंकलीच होती.

जुना लख्ख आणि नवा पुसट, दोन्ही फोटो छापलेत. जुन्याखाली लिहिलंय: हे नुकसान बॅटरीनं केलेलं नाही, मी केलं, खरा फोटो मी पुसला. खाली सही. एक प्रत आज साहेबांच्या टेबलावर ठेवली. दुसरी घेऊन उद्या तिच्या कॉलेजात जातोय.

पुसट फोटो वर ठेवलाय.