तोंडातल्या टाचण्या

कपडे शिवणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली 'हंबाई' म्हणायची. आता ओठांत टाचण्यांची रांग धरलेल्या माणसाने दुसरं बोलायचं तरी काय? गिऱ्हाईक विचारायचं, "बाही सैल झाली का हो?" "हं." "गळा जरा खोल करू या?" "हं." ज्याला जे उत्तर हवं असेल ते त्याने त्या 'हं'मधून काढून घ्यावं. मागच्या टेबलावर कापड बेतणाऱ्या मास्तरांना, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, तर आपल्याइतका सुखाचा संसार कुणाचाच नसेल असं वाटायचं. बायकोने कधी 'नाही' म्हणून म्हटलं नव्हतं.

दंतवैद्याने बाईंना झिजलेले दात आरशात दाखवले, शेजारणीने टाचणी पोटात गेलेल्या कुणा बाईची गोष्ट रंगवून सांगितली. बाईंवर ढिम्म परिणाम नाही. मग एका संध्याकाळी त्यांची मुलगी कामावरून आपल्या लेकीला न्यायला आली. पोरगी दिवसभर दुकानातच असायची. बघते तर चिमुरडी बाहुलीसमोर गुडघ्यांवर बसलेली, बाहुलीच्या झग्याची कड चिमटीत, आणि ओठांत एक खरीखुरी टाचणी.

"काय करतेस गं?"

"हं," नात म्हणाली.

मुलीने झटकन टाचणी काढून घेतली. "आई, तुझी ही सवय सुटेपर्यंत मी हिला इथे आणणार नाही. कळलं?"

"हं," बाई म्हणाल्या. आणि तोंडात तेव्हाही टाचण्याच!

दुसऱ्या दिवशी दुकान खायला उठलं. टेबलाखाली चिंध्यांचं घर नाही, मशीनच्या चाकाला लोंबकळणारं कुणी नाही. बाईंनी कंबर कसली. मनगटाला चुंबक बांधला, तर त्याला कात्री येऊन चिकटली आणि कात्रीसकट हात गिऱ्हाइकाच्या कमरेकडे निघाला. गिऱ्हाईक दुकानाबाहेर! मग तोंडात पेपरमिंटची गोळी धरून पाहिली. गोळीच्या जोडीला टाचण्या कधी जाऊन बसल्या ते त्यांनाही कळलं नाही. शेवटी त्यांनी टाचण्या खोचायची छोटी गादी समोर ठेवली आणि दर टाचणीला स्वतःलाच मोठ्याने दटावायला सुरुवात केली: "तोंडात नाही, गादीत!" हा उपाय मात्र लागू पडला. पण एकदा सुटलेली जीभ थोडीच थांबणार?

"हा रंग मला कसा दिसतो?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"पडद्यासारखा."

मागे मास्तरांची कात्री थांबली. गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघत राहिलं आणि खो खो हसत सुटलं. "अहो, मलाही तेच वाटत होतं!" झालं. बाईंचं मत ऐकायलाच बायका येऊ लागल्या.

मास्तरांची मात्र पाचावर धारण बसली. "अगं, चहात साखर नेहमीसारखीच ना?"

"मला बिनसाखरेचाच आवडतो."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून!"

"आणि भिंतींचा हा हिरवा रंग?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी टाचण्या लावत होते." मास्तर कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसले.

मग एका सकाळी मुलगी कामावर जाताना लेकीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. नुसतं बघायला. नेमकी तेव्हाच एक गायिका कार्यक्रमाचा झगा घालून स्टुलावर उभी होती आणि "लवकर, लवकर" म्हणून बाईंचा जीव खात होती. बाईंनी मूठभर टाचण्या उचलल्या. घाईत दटावायचं राहिलं, आणि हात निघाला तोंडाकडे. मास्तर एका गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला कोट अंगात घालून खांदा तपासत होते. त्यांनी झेप घेतली आणि तो पॅड भरलेला खांदा बायकोच्या हाताच्या आणि तोंडाच्या मधे सारला.

"आई गं!" पॅडला न जुमानता एक टाचणी आत पोचलीच. गायिका हसताना स्टुलावरून पडता पडता वाचली.

"लाव, उरलेल्याही लाव," मास्तर कळवळत म्हणाले.

"बाबा, रोज असेच उभे राहणार का?" मुलीने डोळे पुसत विचारलं. हसून हसून पाणी आलं होतं.

"राहीन की. एवढी वर्षं हिचं काहीच ऐकलं नाही. आता जवळून ऐकतो."

बाईंनी मुठीतल्या उरलेल्या टाचण्या गादीत खोचल्या. मुलीने लेकीला खाली सोडलं. पोरगी धावत सुटली. बाईंनी सवयीने दोन्ही हात आडवे केले, "लांब राहा, टाचण्या!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं, तोंड रिकामं आहे. त्यांनी पोरीला उचललं आणि गालांचे, कपाळाचे, नाकाचे पटापट मुके घेतले. भर दुकानात, कामाच्या वेळी! असं आजवर कधी घडलं नव्हतं. त्यांची स्वतःची लेकही याच टेबलाखाली वाढली होती, आणि दुकान बंद होईपर्यंत तिच्याही वाट्याला ते आडवे हातच यायचे.

ती लेक अजून तिथेच उभी होती.

"जा की, उशीर होईल तुला," बाई म्हणाल्या.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि खाली वाकून तिने गाल पुढे केला.