जुन्या व्हॅनला काच

मंडळी, आज जुनी व्हॅन देऊन नवी कॅम्पर व्हॅन घ्यायला उल्हासनगरला गेलो होतो. जुनी पप्पांनीच बनवलेली, मागच्या सीट काढून गादी टाकलेली. सुट्टीत तिच्यातूनच बारवी धरणावर मुक्कामाला जातो.

नवीच्या छताला काच होती. आई आत आडवी झाली आणि वर बघतच राहिली. उठेचना. मग म्हणाली, "अहो, आपल्या गाडीला अशी काच बसेल?"

शेजारच्या गॅरेजातले, गाड्यांच्या बॉडी बनवणारे सिंधी काका हसले. "उल्हासनगर में क्या नहीं बनता, भाभी?"

दुपारभर थांबून जुनीलाच काच बसवून घेतली आणि तडक बारवी गाठली.

नेहमी ड्रायव्हर सीटवरच झोपणारे पप्पा पहिल्यांदाच मागे येऊन आईशेजारी आडवे झाले. काचेतून वर बघत म्हणाले,

"एवढं आभाळ होतं इथे?"

आता तुम्हीच सांगा, कशी विकायची?